आधी मैदानावरची वही, मग गुडघा

फिजिओथेरपीची पदवी हातात पडली आणि मी संशोधनाकडे वळले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त प्रयोगशाळा होती. फोर्स प्लेट (पायाचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी), मांडीवर चिकटवलेले ईएमजीचे (स्नायूंमधले विद्युत संकेत टिपणारे) इलेक्ट्रोड, चहूबाजूंनी कॅमेरे आणि पडद्यावर उड्या मारणारा काड्यांचा माणूस. तीस मुलींना खोक्यावरून उडी मारायला लावायची, उतरताना कुणाचा गुडघा आत झुकतो ते मोजायचं आणि हंगाम संपल्यावर कुणाचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा एक अस्थिबंध) फाटलं ते पाहायचं, असा माझा पहिला प्रस्ताव होता. गाईडनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "या तिसांत किती जणींचं एसीएल जाईल?" मी मनात हिशोब केला. उत्तर शून्याच्या आसपास येत होतं. आमची पहिली बैठक तिथेच संपली.

न्यूरोमस्क्युलर ट्रेनिंगवर, म्हणजे दुखापती टाळण्यासाठी स्नायू आणि मज्जासंस्थेला एकत्र घडवणाऱ्या सरावावर, काम करायचंय म्हणून जे नवे विद्यार्थी भेटतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात थोड्याफार फरकाने हाच प्रस्ताव असतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

या ट्रेनिंगमध्ये ताकद, तोल, उड्या, दिशा बदलणं आणि उतरण्याची पद्धत हे सगळं येतं. स्नायू बळकट करणं हा त्यातला सोपा भाग. स्नायूने नेमकं केव्हा आकसायचं हे शिकवणं हा अवघड भाग, आणि त्याचं महत्त्व मला एका अभ्यासामुळे कळलं. २०१० साली हॅन्डबॉल आणि बास्केटबॉलमधल्या एसीएल दुखापतींचे दहा व्हिडिओ घेऊन संशोधकांनी गुडघ्याची हालचाल क्षणाक्षणाने मांडली. पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत अस्थिबंध फाटत असावा, असं त्यातून दिसलं. एवढ्या वेळात "अरे, गुडघा आत चालला" हे ओळखून सावरणं कुणालाच शक्य नाही. म्हणजे मांडीच्या मागचे आणि कमरेभोवतीचे स्नायू पाय टेकायच्या आधीच सज्ज झालेले हवेत. सराव असतो तो या आधीच्या तयारीचा. खेळाडूला तुम्ही "गुडघा बोटांच्या रेषेत ठेव" असं शंभरदा सांगता, ते एकशे एकाव्या वेळी न सांगता व्हावं म्हणून.

आता वाचनाकडे येऊ. १९९६ मध्ये काराफा आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या ४० फुटबॉल संघांच्या ६०० खेळाडूंवर बॅलन्स बोर्डचा (तोल सांभाळायच्या डुगडुगत्या फळीचा) प्रयोग केला आणि एसीएलच्या दुखापती खूपच कमी झाल्याचं नोंदवलं. हा निबंध सगळे उद्धृत करतात. संघांची विभागणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून करावी तशी) नव्हती, हे मात्र फार थोडे सांगतात. १९९९ चा ह्यूएट यांचा मुलींवरचा गाजलेला अभ्यासही यादृच्छिक नव्हता. तेवढ्यावरून हे अभ्यास टाकाऊ ठरत नाहीत. पण ज्या कोचला खेळाडूंची आधीच काळजी असते तोच असल्या कार्यक्रमाला 'हो' म्हणतो, आणि त्याच्या संघात दुखापती तशाही कमीच होत असतील, ही शंका मनात ठेवून ते वाचावेत.

माझं खरं शिक्षण झालं ते २००८ च्या दोन नॉर्वेजियन अभ्यासांवर. दोन्ही किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींवरचे. पहिल्यात 'द इलेव्हन' नावाचा कार्यक्रम वापरला होता आणि दुखापतींत फरकच पडला नाही. संघांनी तो पुरेसा केलाच नव्हता. मग तो बदलून त्यात धावणं आणि विविधता आणली, आणि आज 'इलेव्हन प्लस' म्हणून ओळखला जाणारा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार झाला. सोलिगार्ड यांनी तो १२५ क्लबांमधल्या १८९२ मुलींवर तपासला. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. हे आकडे तुम्हाला प्रत्येक सादरीकरणात दिसतील. पण त्यांनी आधी ठरवलेलं मुख्य मोजमाप होतं कमरेखालच्या शरीराच्या दुखापती. तिथलं दर-गुणोत्तर (दोन गटांतल्या दुखापतींच्या दरांची तुलना; १ म्हणजे फरक नाही) ०.७१ आणि विश्वासांतर, म्हणजे खरं उत्तर जिथे असू शकतं तो पट्टा, ०.४९ ते १.०३; त्यात १ येतोच. म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर मुख्य निष्कर्ष थोडक्यात हुकला. लेखकांनी हे लपवलेलं नाही, सारांशातच लिहिलंय. मी मात्र पहिल्या तीन वाचनांत ते ओलांडून गेले होते, कारण मला हवं ते उत्तर पुढच्या ओळीत होतं.

स्वीडनमधला २०१२ चा अभ्यास असाच सावकाश वाचा. १२ ते १७ वयाच्या ४५६४ मुली, आणि एसीएलच्या दुखापती सराव करणाऱ्या गटात ७, दुसऱ्या गटात १४. धोका ६४ टक्क्यांनी कमी. साडेचार हजार मुलींमागे एकूण एकवीस गुडघे! माझे तीस खेळाडू आठवा. जोखमीच्या घटकांबद्दल बार आणि होल्मे यांनी २००३ मध्ये लिहून ठेवलंय की मध्यम ते ठळक संबंध पकडायलाही २० ते ५० दुखापती लागतात, आणि सौम्य संबंधाला सुमारे दोनशे. खेळाडू नव्हे, दुखापती.

इथे नवख्यांची आणखी एक चूक होते, माझीही झाली. आपण संघांना गटांत वाटतो आणि गणित मात्र सुट्या खेळाडूंचं करतो. एका संघातल्या वीस जणांचं मैदान एक, कोच एक, वेळापत्रक एक. त्यामुळे त्यांच्या दुखापतीही थोड्याफार एकमेकींसारख्या असतात. हे साम्य (शून्य ते एकच्या मापावर) अवघं ०.०५ धरलं, तरी एक अधिक एकोणीस गुणिले ०.०५, म्हणजे जवळपास दुप्पट खेळाडू लागतात. संख्याशास्त्रज्ञाकडे प्रस्ताव लिहिण्याआधी जा. आकडे गोळा करून गेलात तर तो फक्त हळहळेल.

शेवटी मी प्रयोगशाळा सोडली आणि मैदानाच्या कडेला वही घेऊन बसले. वाटलं होतं, मोजणी हे कारकुनी काम आहे. पहिल्याच महिन्यात प्रश्न पडला, दुखापत म्हणायचं कशाला? सराव किंवा सामना चुकला तर? फिजिओकडे जावं लागलं तर? की नुसतं दुखलं तरी? फुटबॉलसाठी २००६ मध्ये यावर एकमताचा मसुदा झाला आहे. तो छापून वहीत चिकटवा आणि पहिल्या दिवसापासून एकच व्याख्या धरा. मी दुसऱ्या महिन्यात व्याख्या बदलली आणि पहिल्या महिन्याचे आकडे वाया गेले.

भाजकही तितकाच महत्त्वाचा. दर हा हजार तासांमागे काढतात. वीस जणींचा दीड तासाचा सराव आठवड्यातून चारदा म्हणजे १२० तास. सामन्याचे तास मात्र मैदानावरच्या अकरा जणींचे, साडेसोळा. सामन्यातला दर सरावापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून दोन्ही वेगळे लिहायचे. उशिरा आलेली, लवकर गेलेली, बाकावर बसलेली, प्रत्येकीची मिनिटं. कंटाळवाणं आहे खरं.

आणि मग तो विचित्र हंगाम आला. ज्या संघांना मी व्यायाम शिकवत होते, त्यांच्यात दुखापती जास्त निघाल्या. दोन रात्री झोप नाही. नंतर उलगडलं. त्या मुली मला रोज भेटत होत्या, ओळख झाली होती, म्हणून घोट्याची बारीक कुरबुरही येऊन सांगत होत्या. दुसऱ्या गटातल्या मुली मला ओळखतच नव्हत्या. वर दुखणं सांगितलं तर संघातून वगळतील ही भीती. म्हणजे मी दुखापती मोजतच नव्हते, माझ्यावरचा विश्वास मोजत होते. पुढच्या वेळी नोंद घेणारी व्यक्ती वेगळी ठेवली आणि कोणता संघ कोणत्या गटात हे तिला कळू दिलं नाही.

कोचबद्दल तर वेगळं लिहायला हवं. एका कोचच्या वहीत हंगामभर प्रत्येक दिवसासमोर बरोबरची खूण होती. न सांगता गेले तर पोरी दोन फेऱ्या धावून थेट चेंडूवर. मी विचारलं तेव्हा ते हसत म्हणाले, "मॅडम, वीस मिनिटं तुम्हाला दिली तर पासिंग कधी घेऊ?" मला राग आला होता, पण प्रश्न रास्त होता. त्यानंतर मी दुखापतीचं नाव काढणं बंद केलं. वेग, उडी आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतला दम यावर बोलायला लागले, तोल साधायच्या व्यायामात चेंडू घातला, आणि वॉर्म-अप माझ्याऐवजी कप्तानाने घ्यायचा असं ठरवलं. मग खुणा खऱ्या होऊ लागल्या. किती वेळा केलं याबरोबर कसं केलं हेही नोंदवा. गुडघे आत पाडून मारलेल्या शंभर उड्या म्हणजे चुकीचाच सराव.

उडीच्या चाचणीवरून कोण जखमी होणार हे ओळखण्याचा मोह अजूनही अनेकांना सुटत नाही. २००५ च्या ज्या अभ्यासातून ही आशा जागी झाली, त्यात २०५ मुलींपैकी नऊ जणींना दुखापत झाली होती. पुढे नॉर्वेत सातशेहून अधिक खेळाडूंवर तपासलं, तेव्हा त्या चाचणीला खेळाडू नीट वेगळ्या काढता आल्या नाहीत. जखमी होणाऱ्या आणि न होणाऱ्या मुलींचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. माझं मत विचाराल तर चाळणी लावण्यात पैसे घालवू नका, वॉर्म-अप सगळ्यांनाच द्या.

विषय निवडताना एसीएलच घेतलं पाहिजे असं नाही. एकट्याच्या प्रबंधाला घोट्याचा मुरगळा किंवा हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूंच्या) दुखापती बऱ्या, कारण त्या जास्त वेळा होतात. डेन्मार्कमधल्या २०११ च्या अभ्यासात नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम करणाऱ्या गटात १५ नव्या-जुन्या दुखापती झाल्या, दुसऱ्या गटात ५२. खेळाडू होते ९४२. तेवढेही जमणार नसतील तर कार्यक्रम टिकतो का, कोच तो का सोडतात, कोणता भाग आधी गळतो, हे प्रश्न घ्या. त्याला चार-सहा संघ आणि एक हंगाम पुरतो.

माझी ती पहिली वही अजून आहे. तिच्या पहिल्या पानावर व्याख्या खोडून दुसरी लिहिली आहे, शेजारी तारीख आहे. नव्या विद्यार्थ्याला मी आधी तेच पान दाखवते आणि मग दोन आठवडे मैदानावर पाठवते, फक्त मिनिटं लिहायला.