थुजाचं कुंपण लावायचंय? आधी मे महिन्याच्या पाण्याचा हिशोब करा

मोबाईलवर तो फोटो सगळ्यांनीच बघितलेला असतो. थुजाच्या झाडांची हिरवीगार सरळसोट भिंत, एकही पान इकडं तिकडं नाही, खाली लॉन, मागं पांढरं घर. बायकोनं मला तोच फोटो दाखवला आणि मी पण लगेच पेटलो, लातूरात घर बांधून झालं होतं, समोर 40 फुटाची जागा उघडी होती, म्हटलं लावून टाकू. नर्सरीत जाऊन फोटो दाखवला, तो म्हणला आहे ना साहेब, स्मरॅग्ड म्हणतात याला, इम्पोर्टेड व्हरायटी आहे. 2-2 फुटावर लावायला 21 रोपं घेतली. पुढच्या मृगापर्यंत त्यातली 3 राहिली. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते 18 रोपांची फी भरून शिकलेलं आहे असं समजा.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडं थुजा म्हणून जे विकतात ते नव्वद टक्के वेळा मोरपंखी असतं. शाळेत वहीत ठेवायचो ना, विद्या येते म्हणून, तेच. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 ला त्याला थुजा ओरिएंटॅलिस म्हणलं होतं, नंतर शास्त्रज्ञांनी ते थुजातून काढून प्लॅटिक्लॅडस नावाच्या वेगळ्या घरात बसवलं, पण नर्सरीवाल्याला त्याच्याशी काय देणंघेणं, त्याच्या पाटीवर अजून थुजाच आहे. हे झाड मूळ चीन-कोरियाकडचं. आणि जे खरं थुजा, म्हणजे ऑक्सिडेंटॅलिस, ज्याच्यापासून होमिओपॅथीवाले चामखिळीचं औषध बनवतात, ते कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या थंड, ओलसर, दलदलीच्या भागातलं. स्मरॅग्ड ही त्याचीच जात, डेन्मार्कमध्ये 1950 च्या सुमाराला निघालेली. डेन्मार्कात उन्हाळ्यात पारा 20-22 च्या आसपास असतो, आपल्याकडं 42 ला पण लोक म्हणतात आज जरा बरंय. उणे 30 ची थंडी ते झाड हसत सोसतं, पण मे महिन्यात रात्री अकरा वाजता पण भिंत गरम लागते ते त्याला सोसत नाही. आणि गंमत म्हणजे चुनखडीच्या जमिनीचं त्याला वावडं नाही, त्यामुळं माती तपासून कुणी तुम्हाला चालेल म्हणून सांगितलं तरी फसू नका, अडचण मातीची कमी आणि उन्हाची जास्त आहे.

मग नर्सरीत ओळखायचं कसं? मोरपंखीच्या फांद्या चपट्या आणि उभ्या असतात, वहीची पानं उघडून उभी धरल्यासारख्या, एकामागं एक. खऱ्या थुजाच्या फांद्या बऱ्यापैकी आडव्या पसरतात. पान बोटात चुरगळून बघा, थुजाला जोरात वास येतो, गोडसर, राळेसारखा, मोरपंखीला फारसा येत नाही. सगळ्यात पक्की खूण फळाची. मोरपंखीचं फळ मांसल, निळसर-पांढरट आणि त्याला वर बारीक शिंगं असतात, थुजाचं फळ लहान, लांबट, तपकिरी, लाकडासारखं. लहान रोपाला फळ नसलं तर नर्सरीत कुठंतरी मोठं मदर प्लांट असतंच, त्याच्याजवळ जाऊन बघा.

मराठवाड्यात घ्यायचं तर मोरपंखीच घ्या. उंच, एकसारखी हिरवी पाहिजे तर साधी मोरपंखी, ती पाणी मिळालं तर वर्षाला फूटभर वाढते, घाई असलेल्यानं या नादाला लागूच नये. बुटकी, अंड्यासारखी गोल आणि सोनेरी जी मिळते ती गोल्डन मोरपंखी, ती कुंपणाला नाही, गेटच्या दोन्ही बाजूला किंवा लॉनच्या कोपऱ्यात शोभते. थंडीत ती जरा तांबूस-तपकिरी पडते, मेली म्हणून उपटू नका, फाल्गुनात परत रंगावर येते. डिसेंबरमध्ये लिंबाच्या वासाचं पिवळसर-हिरवं छोटं झाड ख्रिसमस ट्री म्हणून विकतात, गोल्डक्रेस्ट, ते घ्यायचंच तर पाहुणा म्हणून घ्या, उन्हाळा बघत नाही ते. बारीक उंच सुळक्यासारखं पाहिजे असेल तर इटालियन सायप्रस विचारा, ते भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या उन्हाळ्यातलं आहे, निचरा चांगला असला तर थुजापेक्षा बरं टिकतं. आणि सुरूचं झाड हे कॉनिफर, म्हणजे थुजा-पाईनच्या जातीचं, नाही बरं का, दिसतं तसं, पण ते फुलझाडाच्या कुळातलं आहे, त्याचा हिशोब वेगळा.

आता रोप निवडायचं. उंच रोपाच्या मोहात पडू नका, दीड-दोन फुटाचं भरीव रोप पाच फुटाच्या काटकुळ्यापेक्षा लवकर जम धरतं. बुडापासून हिरवं पाहिजे, कारण या झाडांचं एक आहे, खालची फांदी एकदा वाळली की तिथं परत फुटवा येत नाही, जन्मभर ते बूड उघडंच राहतं. फांद्या बाजूला सारून आत बघितलं की तपकिरी पानं दिसतील, त्याला घाबरू नका, आतली जुनी पानं वाळतातच. पण शेंडा किंवा बाहेरची टोकं तपकिरी असली तर ठेवा खाली. खोड धरून हलक्या हातानं हलवा, गड्डा, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, आणि खोड सोबत हललं पाहिजे, खोडच सुटं डगमगत असेल तर मुळं तुटलेली आहेत.

आणि आता गड्ड्याविषयी, कारण माझी रोपं इथंच गेली. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत भरपूर माल आंध्रातून, राजमुंद्रीजवळच्या कडियमहून येतो, तिकडच्या लाल चिकण मातीच्या गड्ड्यात बांधलेला. तो गड्डा आपण तसाच उचलून काळ्या रानात ठेवतो. माझं सातवं का आठवं रोप वाळलं तेव्हा मी ते उपटलं, बाजूची काळी माती ओली गच्च, हाताला चिकटत होती, आणि मधला लाल गड्डा विटेसारखा कोरडा ठणठणीत. खुरप्यानं फोडला तर आतून धूळ निघाली! म्हणजे मी रोज पाईप धरून पाणी देत होतो आणि रोप तहानेनं मरत होतं. एका मातीतून दुसऱ्या मातीत पाणी शिरतच नव्हतं. आता मी गड्डा लावायच्या आधी टपात बुडवतो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, चांगला अर्धा तास तरी, मग बाहेरचा बोटभर थर खुरप्यानं खरवडतो म्हणजे बारीक मुळं मोकळी होतात. पूर्ण गड्डा फोडायचा नाही, कॉनिफरला ते चालत नाही. पिशवीतलं रोप असेल आणि मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर उभ्या दोन-तीन चिरा द्या.

लावायचं कधी, तर दोन चांगले पाऊस झाले की, म्हणजे साधारण जुलैत. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत सात-आठ महिने मिळतात मुळं धरायला. पण काळ्या जमिनीत खड्डा करून त्यात मस्त भुसभुशीत माती-शेणखत भरलं की तो खड्डा राहत नाही, तो हौद होतो. चारी बाजूची काळी माती पाणी बाहेर जाऊ देत नाही, भादव्यात सलग पाऊस लागला की मुळं सडतात आणि रोप वरून वाळल्यासारखं दिसतं, मग आपण अजून पाणी घालतो. म्हणून खड्डे नका करू, सलग दीड फूट खोल चर खोदा आणि एका टोकाला उतार देऊन बाहेर काढा. निघालेली काळी माती निम्मी, मुरूम पाव, कुजलेलं शेणखत पाव, असं कालवून भरा आणि वर वीतभर उंच वरंबा करा, रोप वरंब्यावर. उधईचा त्रास असला तर निंबोळी पेंड मूठभर प्रत्येकाला. शेणखत कच्चं नको, उधई त्यालाच येते. खोडाचा जो भाग नर्सरीत मातीवर होता तो मातीवरच राहिला पाहिजे, आधार म्हणून खोल गाडू नका, काठी बांधा.

अंतर अडीच फूट. लोक घाईनं दीड-दीड फुटावर कोंबतात, पहिली दोन वर्ष छान दिसतं आणि मग आतून उजेड-वारा नाही म्हणून एकाआड एक वाळायला लागतात. भिंतीपासून पण दोन-अडीच फूट लांब. पश्चिमेची सिमेंटची भिंत नाहीतर पत्र्याचं गेट असेल तर अजून लांब, त्या पत्र्याची झळ लागून झाडाची तेवढी एकच बाजू भाजते, माझ्या मेव्हण्याच्या घरी अर्धं हिरवं अर्धं तपकिरी असं झाड आहे, येणारे जाणारे व्हरायटी कोणती म्हणून विचारतात.

आता मुख्य हिशोब. 40 फुटाला अडीच फुटानं 17 रोपं. पहिले दोन उन्हाळे एका रोपाला दिवसाआड 10 लिटर तरी धरा, म्हणजे 170 लिटर, जवळजवळ एक ड्रम. दिवसाआड एक ड्रम, मार्च ते मृग. ज्या लातूरनं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय तिथं बसून हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी होतंय. बोअर असेल तर जानेवारीत नाही, मे महिन्यात किती वेळ चालतो ते आठवा आणि त्यावर कुंपणाची लांबी ठरवा, जागेच्या लांबीवर नाही. मी दुसऱ्यांदा लावलं ते फक्त समोरचं 20 फूट, 9 रोपं, दिवसाआड 90 लिटर, त्यातलं निम्मं आरओचं वाया जाणारं आणि भाज्या धुतलेलं पाणी. साबणाचं नाही. आरओच्या पाण्यात क्षार जास्त म्हणून ते सारखं एकटं नका देऊ, साध्या पाण्यात मिसळून द्या आणि पावसाळ्यात जमीन धुवून निघू द्या. उरलेल्या 20 फुटाला मेंदी लावली, तीन वर्षांत माझ्या छातीला लागली, आणि श्रावणात गल्लीतल्या पोरी पानं मागायला येतात. मेंदी नको असेल तर कोयनेल आहे, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि कातरी कितीही लावा परत फुटते. फार्महाऊसचं दीड-दोनशे फूट कुंपण थुजाचं करायचं म्हणत असाल तर नकाच करू, सरळ सांगतो.

पाणी ड्रिपनं द्यायचं तर प्रत्येक रोपाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, एक गड्ड्याच्या कडेला आणि एक वीतभर बाहेर, सव्वा तास चालवलं की 10 लिटर. बुडाशी सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, चार बोटं जाड टाका, खोडाला चिकटवू नका. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून तुराट्याचा आडोसा करा, ग्रीन नेटपेक्षा तो बरा, वारा खेळता राहतो आणि फुकट.

उन्हाळ्यात पानं धुळकट, राखाडी दिसायला लागली तर पाण्याची कमी समजू नका, लाल कोळी नावाची बारीक कीड असते. खाली पांढरा कागद धरून फांदी झटका, ठिपके चालायला लागले की तोच. सकाळी पाईपनं जोरात धुवा, दोन-तीन दिवसाला, आतून बाहेरून, त्यानंच निम्मा जातो, नाही गेला तर संध्याकाळी निंबोळी तेल. भर उन्हात कोणतीच फवारणी नको.

कातरी वर्षातून दोनदा, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात आणि एकदा फेब्रुवारीत. चैत्र-वैशाखात हात लावू नका, आतली नाजूक पानं उघडी पडून जळतात. फक्त हिरवं कापायचं. तपकिरी लाकडापर्यंत गेलात तर तिथं भोक पडतं आणि ते बुजत नाही, गडी लावणार असाल तर त्याला मेंदीची सवय असते, आधी समोर उभं राहून सांगा. बूड रुंद, वर निमुळतं ठेवा म्हणजे खाली ऊन पोचतं. शेंडा मात्र पाहिजे त्या उंचीला जाईपर्यंत मारू नका.

कुंडीत ठेवणार असाल तर 16-18 इंची कुंडी, मातीची, आणि दर पंधरा दिवसांनी पाव वळण फिरवायची. जोडीनंच लावावी असं वास्तूवाले सांगतात, माझा त्यावर फार विश्वास नाही पण गेटला दोन बरी दिसतात हे खरं. आणि पानाचा काढा-बिढा करायच्या भानगडीत कुणी पडू नका, खऱ्या थुजात थुजोन नावाचा विषारी घटक असतो आणि घरात कोणतं झाड आहे हे लेकरांना थोडंच कळतंय.

घेताना दोन रोपं जास्तीची घ्या आणि मोठ्या कुंडीत मागच्या अंगणात वाढवत ठेवा, कुंपणासोबतच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओळीतलं एखादं जातंच आणि तेव्हा बाजारात त्याच उंचीचं, त्याच रंगाचं मिळत नाही. माझं डावीकडून चौथं असंच गेलं, मागचं आणून लावलं, आता मला पण मोजल्याशिवाय कळत नाही कोणतं ते.