तुमच्याकडे वाजते, दुसरीकडे वाजत नाही? सीडी राइट करताना या चुका टाळा

आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट मी संगणकावर उतरवल्या आणि सीडी करून आत्याला दिली. माझ्याकडे छान वाजत होती. आत्याच्या प्लेअरमध्ये ती नुसतीच गरगरली आणि 'नो डिस्क' आलं. आत्या पदराने सीडी पुसत बसली, पण चूक माझी होती.

कोरी सीडी घातली की विंडोज विचारतं: पेन ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय सोपा म्हणून आपण तोच निवडतो. त्यात सीडीवर फायली ठेवण्याची यूडीएफ नावाची मांडणी होते आणि पुष्कळ जुने संगणक, गाडीतले प्लेअर ती ओळखतच नाहीत. दुसराच पर्याय घ्या. त्यातली आयएसओ ९६६० ही मांडणी १९८८ची, जवळपास सगळीकडे चालणारी.

नुसत्या एमपी३ फायली टाकल्या तर जुना प्लेअर त्या वाजवत नाही. त्याला 'ऑडिओ सीडी'च हवी आणि तिच्यात ८० मिनिटंच मावतात. आजोबांचं कीर्तन दोन तासांचं, म्हणून मी पूर्वरंग एका सीडीवर आणि उत्तररंग दुसरीवर घेतला. राइट करताना 'डिस्क ॲट वन्स', म्हणजे सगळी सीडी एका दमात, हा पर्याय निवडा. नाहीतर दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता येते, भर गजरात ती फार खटकते. शिवाय याने सीडी बंदही होते (फायनलाइज), म्हणजे पुढे तिच्यात भर घालता येत नाही. अर्धवट उघडी राहिलेली सीडी ज्या ड्राइव्हवर राइट केली तिथे दिसते, प्लेअरला दिसत नाही.

सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा राइट करता येणारी सीडी, देऊ नका. तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो, जुन्या प्लेअरला तेवढा पुरत नाही. एकदाच राइट होणारी साधी सीडी-आर घ्या.

डेटा सीडीवर, म्हणजे नुसत्या फायली टाकलेल्या सीडीवर, फायलींची नावं छोटी, इंग्रजी अक्षरांत ठेवा, सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे द्या. देवनागरी नावांच्या जागी काही प्लेअर नुसते चौकोन दाखवतात. आणि अभंगांची वही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर तिची पीडीएफ टाका. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'विठ्ठल'सुद्धा वाचता येणार नाही.

नाव लिहायला बॉलपेन नको, सीडीचं मार्कर पेन वापरा. माहितीचा थर वरच्या, लेबलच्याच बाजूला अगदी पातळ लेपाखाली असतो. टोक रुतलं की तो तिथे कायमचा गेला.