टॉमकॅटवर पहिली वॉर फाइल चढवताना या चुका टाळा

मेवनने (जावा प्रकल्प बांधणारं साधन) 'बिल्ड सक्सेस' दाखवलं, वॉर फाइल (अख्खं वेब ॲप बांधलेलं गाठोडं) वेबॲप्स फोल्डरात टाकली, टॉमकॅट (जावा वेब ॲप चालवणारा सर्व्हर) सुरू झाला, आणि ब्राउझरमध्ये 404, म्हणजे पान सापडत नाही. मग पोरं अर्धा दिवस सर्व्हलेटचा (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासचा) कोड उलटापालटा करत बसतात. बहुतेक वेळा कोडचा काही दोष नसतो.

आधी पत्ता तपासा. ॲपचा पत्ता टॉमकॅट वॉर फाइलच्या नावावरून ठरवतो. फाइल 'नमुना-1.0-स्नॅपशॉट.वॉर' असेल, तर ते सगळं शेपूट पत्त्यातही लिहावं लागतं. पॉममध्ये (मेवनच्या सेटिंग फाइलमध्ये) 'फायनलनेम' दिलं की हे सुटतं. ॲप थेट मुळाशी, म्हणजे पत्त्यात ॲपचं नाव न लिहिता, हवं असेल तर फाइलचं नाव 'रूट' ठेवा, पण इंग्रजीत चारही अक्षरं कॅपिटल.

पत्ता बरोबर असूनही 404 येतोय? मग सर्वांत छळवादी चूक: जुन्या ट्युटोरियलचा कोड आणि नवा टॉमकॅट. ओरॅकलने 2017 मध्ये जावा ईई (सर्व्हलेटसारख्या गोष्टींचे नियम ठरवणारा जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेला द्यायचं ठरवलं, पण पुढच्या बदलांसाठी 'जावाएक्स' हे पॅकेजनाव वापरण्यावर एकमत झालं नाही. म्हणून 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये (जावा ईईचं नवं नाव जकार्ता ईई) 'जावाएक्स.सर्व्हलेट'चं 'जकार्ता.सर्व्हलेट' झालं. टॉमकॅट 9 ला जुनं नाव कळतं, 10 पासून पुढे फक्त नवं. गंमत अशी की सर्व्हलेटवर जुनं ॲनोटेशन (क्लासच्या वर '@' लावून लिहिलेली खूण) असलं तर टॉमकॅट 10 तक्रारही करत नाही. ते त्याच्या ओळखीचंच नसतं, म्हणून तो सर्व्हलेटकडे ढुंकूनही बघत नाही. लॉग स्वच्छ आणि पान गायब!

यावर घाईने सगळीकडे 'फाइंड-रिप्लेस' मारू नका. 'जावाएक्स.एसक्यूएल' आणि 'जावाएक्स.नेमिंग' ही जेडीकेची, म्हणजे मूळ जावासोबतच येणारी, पॅकेजं आहेत, त्यांची नावं बदललेली नाहीत. शिकण्यापुरता प्रकल्प असेल तर सरळ टॉमकॅट 9 घ्या. कोड नव्याने लिहीत असाल तर 10.1.

पॉममध्ये सर्व्हलेट एपीआयच्या डिपेंडन्सीला (प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ररीला) 'प्रोव्हायडेड' स्कोप द्यायला विसरू नका, म्हणजे ती वॉरमध्ये बांधली जात नाही. तिची जार (लायब्ररीची फाइल) टॉमकॅटकडे असतेच. जुनी जार वॉरमध्ये बांधून टॉमकॅट 10 वर नेली, तर एकाच घरात दोन 'सर्व्हलेट' होतात आणि 'क्लासकास्ट एक्सेप्शन' येऊ शकतं.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' दिसलं तर त्यातला आकडा वाचा: 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. लॅपटॉपवर 17 ने कंपाइल करून 11 च्या सर्व्हरवर नेलं की हेच होणार. टर्मिनलमधली जावा आणि टॉमकॅट वापरतो ती जावा एकच असेल असं धरून चालू नका, 'जावा होम' (जावा कुठे आहे ते सांगणारं सेटिंग) बघा.

8080 पोर्ट अडकलेला असेल तर बहुधा तुमचाच आधीचा टॉमकॅट मागे चालू राहिलेला असतो.

आणि लॉग. 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट' एवढंच वाचून लोक गूगल करतात. त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं की तपशील कंटेनरच्या दुसऱ्या लॉग फाइलमध्ये आहे. ती फाइल 'कॅटालिना' नावाची, म्हणजे टॉमकॅटची मुख्य लॉग फाइल, नसते. 'लोकलहोस्ट' नावाने सुरू होणारी, त्या तारखेची फाइल उघडा. डेटाबेसचा ड्रायव्हर सापडला नाही की पासवर्ड चुकला, ते तिथे 'कॉज्ड बाय'पुढे सापडतं. 'कॉज्ड बाय' अनेक असतील तर सर्वांत खालचा आधी वाचा.