मानसशास्त्रातील निष्कर्ष कसा पडताळून पाहावा

भावना, विचार किंवा मुलांची वाढ यांविषयी ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ असे सांगणारे विधान समोर आले, की सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा: हे मोजले कसे? भीती, आकलन, संयम या गोष्टी थेट मोजता येत नाहीत. संशोधक त्यांच्या खुणा मोजतात, आणि कोणती खूण निवडली यावर निष्कर्ष बराचसा अवलंबून असतो. म्हणून मूळ शोधनिबंध मिळाल्यास सारांश बाजूला ठेवून आधी कार्यपद्धतीचा भाग वाचावा.

अभ्यास भावनांविषयी असेल, तर माहिती व्यक्तीच्या सांगण्यावरून घेतली, शरीरातील बदलांवरून घेतली की वर्तनावरून, हे पाहावे. हृदयाचे ठोके भीतीने वाढतात तसे रागाने आणि आनंदानेही वाढतात, त्यामुळे केवळ ठोके मोजून भावनेचे नाव ठरवता येत नाही. चेहऱ्यावरूनही ते खात्रीने ठरत नाही, असे लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन मांडले. उरते ते व्यक्तीचे स्वतःचे सांगणे. पण ते अनुभव चालू असताना नोंदवले की मागाहून आठवून, हाही फरक मोठा आहे. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांच्या १९९६ मधील अभ्यासात कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची नळीद्वारे तपासणी) करून घेणाऱ्या रुग्णांनी तपासणी चालू असताना दर मिनिटाला आपली वेदना नोंदवली. नंतर एकूण त्रास किती झाला असे विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर सर्वांत तीव्र क्षणाशी आणि शेवटच्या काही मिनिटांशी जुळले. तपासणी किती वेळ चालली याचा त्यावर फारसा परिणाम दिसला नाही. यातली कोणतीच नोंद खोटी नव्हे. एक अनुभव मोजते, दुसरी आठवण मोजते, आणि वाचकाने या दोहोंची गल्लत करू नये.

विचारप्रक्रियेच्या अभ्यासात बहुधा प्रतिसादाला लागलेला वेळ आणि चुकांचे प्रमाण मोजले जाते. जॉन रिडले स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये दाखवल्याप्रमाणे ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असेल, तर शाईचा रंग सांगायला अधिक वेळ लागतो. अशा मोजमापांत संदिग्धता कमी असते, म्हणून येथे फार अडखळण्याचे कारण नाही.

मुलांच्या वाढीबाबत मात्र अधिक सावध राहावे, कारण लहान मूल प्रश्नाइतकेच प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर देत असते. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची प्रसिद्ध चाचणी पाहा. मुलासमोर सारख्याच संख्येच्या सोंगट्यांच्या दोन रांगा मांडतात आणि ‘दोन्हींत सारख्याच आहेत का?’ असे विचारतात. मूल होकार देते. मग मोठा माणूस मुलाच्या डोळ्यांदेखत एका रांगेतील सोंगट्या लांब लांब सरकवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. चार-पाच वर्षांची बरीच मुले आता लांब रांगेत सोंगट्या जास्त असल्याचे सांगतात. यावरून या वयात संख्येचे पक्के भान आलेले नसते, असा अर्थ लावला गेला. परंतु मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आपले उत्तरही बदलायला हवे, असे मुलाला वाटू शकते. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ मध्ये प्रश्न एकदाच, बदलानंतर विचारून पाहिला, तेव्हा मुलांच्या चुका कमी झाल्या. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तर एका ‘खोडकर’ खेळण्यातल्या अस्वलाकरवी रांग विस्कटली, आणि बहुसंख्य मुलांनी बरोबर उत्तर दिले. त्यामुळे ‘मुलांना अमुक वयापर्यंत अमुक समजत नाही’ असे वाचल्यास, मुलाला नेमके कोणत्या शब्दांत आणि कितीदा विचारले, हे शोधल्याशिवाय ते विधान स्वीकारू नये.

वयानुसार होणाऱ्या बदलांचा दावा असेल, तर एकाच वेळी निरनिराळ्या वयांच्या लोकांची तुलना केली, की त्याच लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, हे विचारावे. पहिल्या पद्धतीत वयाचा परिणाम आणि पिढ्यांच्या शिक्षणातला फरक यांची सरमिसळ होते. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटल येथे सुरू केलेल्या अभ्यासात, त्याच व्यक्तींची पुन्हा पुन्हा चाचणी घेतल्यावर बौद्धिक क्षमतांची घसरण पिढ्यांच्या तुलनेतून भासते त्यापेक्षा बरीच उशिरा सुरू होताना दिसली.

दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. वॉल्टर मिशेल यांच्या चाचणीत जास्त खाऊ मिळावा म्हणून समोरचा गोड खाऊ लगेच न खाता थांबू शकलेली मुले पुढे अभ्यासात सरस ठरल्याचे दिसले होते. ती मुले स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतील होती. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक, विविध स्तरांतील मुलांची माहिती तपासली, तेव्हा हा संबंध मुळातच कमी भरला, आणि कौटुंबिक परिस्थिती व आधीची बौद्धिक क्षमता विचारात घेतल्यावर तो आणखी बराच क्षीण झाला.

शेवटी, तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला आहे का, हे तपासावे. २०१५ मध्ये १०० मानसशास्त्रीय अभ्यासांची पुनरावृत्ती करण्यात आली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा, परिणाम होता, पुनरावृत्तीत तो केवळ ३६ टक्क्यांत मिळाला. पुनरावृत्ती सापडत नसेल, तर तो निष्कर्ष पुढे सांगताना ‘माणसे अशी वागतात’ असे न म्हणता ‘या अभ्यासातील लोक असे वागले’ असे म्हणावे, आणि ते लोक कोण होते हेही त्याच वाक्यात सांगावे.