डब्याआधी पाला: मुंबईच्या फ्लॅटमध्ये ओल्या कचऱ्याचं खत

घरात कंपोस्ट करायचं ठरलं की बहुतेक जण आधी डबा आणतात. छान रंगाचा, नळ लावलेला, सोबत कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पुडी. दीड महिन्यात त्यात चिलटं होतात, आई वैतागते, आणि डबा गच्चीवर जातो तो कायमचा. दोष डब्याचा नसतो. घरात ओलं रोज तयार होतं, पण त्याला लागणारं सुकं कुणी जमवलेलंच नसतं.

भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत पाणी आणि नायट्रोजन भरपूर. त्यांचं खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, आणि नायट्रोजनच्या एका भागामागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन. हा कार्बन येतो पाचोळा, भुसा, पुठ्ठा यांतून. सुकं सामान पाणी शोषतं आणि मधे फटी ठेवतं. ते नसलं की ओलं दबून बसतं, हवा संपते आणि सडायला लागतं. देवनारसारख्या डम्पिंग ग्राउंडवर हेच मोठ्या प्रमाणावर होतं: ढिगाच्या पोटात हवा नाही, म्हणून मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो. जानेवारी २०१६मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहराने अनेक दिवस सोसला.

म्हणून सुरुवात पाल्यापासून. मुंबईत पानगळ जोरात असते ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. वर्षावृक्ष आणि सोनमोहराची बारीक पानं सगळ्यांत उत्तम, कुटायचीही गरज नाही. बदामाची मोठी लालसर पानं चालतात, पण गोणीत भरून पायाने चुरावी लागतात. आंबा आणि अशोकाची पानं कडक, कुजायला फार वेळ घेतात. दुसरं काही मिळालं नाही तरच घ्या. सोसायटीच्या माळ्याला किंवा झाडलोट करणाऱ्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवलं तर पाला वेगळा मिळतो. नाहीतर कंपाउंडच्या कोपऱ्यात तो पेटवला जातो, आणि धूर तुमच्याच खिडकीत येतो.

किती जमवायचा? चार माणसांच्या घरात दिवसाला अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. पाऊण किलो धरला तर तो साधारण दीड लिटर जागा घेतो, आणि तितकंच सुकं लागतं. पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी ३५० लिटरच्या आसपास, म्हणजे धान्याच्या मोठ्या गोण्या चार. त्या जिन्याखाली ठेवू नका. सुका पाला पेट घेतो आणि जिना ही पळायची वाट आहे. घरात जागाच नसेल तर कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या दाबलेल्या भुशाची वीट आणा, मात्र पाण्यात न भिजवता, फोडून कोरडीच वापरा. सुताराकडचा भुसा चालतो, पण फक्त साध्या लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात गोंद आणि रसायनं असतात. मुंबईत सुताराकडे बहुतेक तोच असतो, तेव्हा विचारूनच घ्या.

आता डबा. दोन माणसांना २० लिटरचे तीन पुरतात. रंगाऱ्याकडची डिस्टेंपरची रिकामी बादली धुऊन घेतली तरी झालं. चार माणसांना ५० लिटरचे तीन हवेत. एक भरायला साधारण महिना लागतो, तो मुरतो तोवर बाकीचे दोन भरायचे. ड्रिलने ४ ते ५ मिलिमीटरची भोकं पाडा: तळाला ८, बाजूंना तीन ओळींत २४. सळई तापवून भोकं पाडू नका, प्लास्टिकचा धूर वाईट. आतून भोकांवर मच्छरजाळीचा तुकडा चिकटवा. खाली दोन विटा आणि एक ताट.

डबा खिडकीच्या ग्रिलवर ठेवायचा मोह होतो. ५० लिटरचा भरलेला डबा सहज ३० किलो होतो, ग्रिल त्यासाठी बनवलेली नसते. बाल्कनीत किंवा घरात जमिनीवरच ठेवा, थेट पावसापासून आणि दुपारच्या उन्हापासून दूर.

तळाला ३ इंच पाला. त्यावर मूठ-दोन मूठ तयार खत किंवा बागेतली माती. जिवाणू त्यातूनच येतात. वाटीभर आंबट ताक शिंपडलं तरी हरकत नाही. महागड्या पावडरीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. मग रोज: ओल्याचे एक इंचाचे तुकडे करा, पाणी निथळू द्या, डब्यात पसरा, आणि वर एक ते दीड पट पाला असा टाका की ओलं दिसता कामा नये. ही शेवटची गोष्ट चुकली की चिलटं आलीच. दर तीन-चार दिवसांनी काठीने तळापर्यंत हलवा.

ओलावा मुठीने तपासतात. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की बोटांच्या फटीत ओल जाणवावी, थेंब पडला तर एखाद-दुसराच. धार लागली तर पाला घाला. मूठ उघडताच सगळं भुरभुर सांडलं तर पाणी शिंपडा.

चहाचा चोथा घाला, पण दूध-साखर धुऊन, नाहीतर मुंग्या. अंड्याची टरफलं चुरून, लिंबाची सालं थोडी. निर्माल्यातला झेंडू झकास कुजतो. हारातला दोरा, जर आणि प्लास्टिक मात्र आधी काढा. मे महिन्यात आंब्याची सालं एकदम येतात, तेव्हा पाला दुप्पट करा. कोयी डब्यात वर्षभर तशाच राहतात, त्या नकोत. नारळाची करवंटी, हाडं, तेलकट रस्सा, दूध-दही हेही नको. कोळंबीची टरफलं आणि मासळीचं पाणी तर बाल्कनीतल्या डब्यात अजिबात नको. उंदीर आणि शेजारी दोघेही एकाच दिवशी येतील. तेवढं पालिकेच्या ओल्या कचऱ्यात जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

बिघाड वासावरून ओळखता येतो. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही: सगळं घमेल्यात ओतून पाला मिसळा, परत भरा. मुतारीसारखा उग्र वास म्हणजे ओल्याच्या मानाने पाला कमी. वास काहीच नाही आणि महिनाभर काही बदललं नाही, तर मिश्रण कोरडं पडलंय. मुंग्या दिसल्या तर खात्रीच. पांढरी बुरशी दिसली की लोक घाबरतात, पण ती चांगलं काम करते. जाडसर, राखाडी-तपकिरी अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. पण फार झाल्या तर ओल जास्त आहे असं समजा. ताटात काळं पाणी साचत असेल तर तेही तेच सांगतं. त्याला टॉनिक समजून तुळशीला घालण्याची फॅशन आहे. घाण वास येत असेल तर सरळ संडासात ओता.

पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की डब्यातलं पाणी बाहेर जात नाही. तेव्हा पाला दुप्पट, हलवणं दिवसाआड, आणि झाकण फटीसह. चार गोण्या इथे कामी येतात.

इमारतीतल्या मित्रमैत्रिणींना एकत्र करायचं असेल तर आधी पाच घरांनी दोन महिने नीट करून दाखवावं, मगच सेक्रेटरींकडे जावं. दहा घरांचा रोजचा ७ ते ८ किलो कचरा २०० लिटरचा ड्रम दहा-बारा दिवसांत भरतो, आणि मुरायला किमान ४५ दिवस लागतात. म्हणजे पाच-सहा ड्रम हवेत. एक ड्रम आणून सुरू केलेले उपक्रम तिसऱ्या आठवड्यात अडतात ते याच हिशेबामुळे. धारावी-कुर्ल्याकडे जुने ड्रम मिळतात. आधी त्यात काय भरलं होतं ते विचारा, रसायनाचा असेल तर सोडून द्या. आणि परीक्षेच्या महिन्यात ढवळणार कोण, ते वहीत आधीच लिहा.

डबा भरल्यावर दीड-दोन महिन्यांत माल काळसर, भुरभुरीत होतो, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. ओलसर मूठभर पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून दोन आठवडे गोणीत मुरू द्या. कच्चं खत घातलं तर मुळं जळतात. खात्रीसाठी अर्धं खत, अर्धी माती करून दहा मेथीदाणे पेरा; सात-आठ उगवले की वापरायला हरकत नाही. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे.

पाव इंची जाळीच्या चाळणीने चाळून घ्या. वर उरलेले देठ, काड्या, अर्धवट पानं फेकू नका. पुढच्या डब्याच्या तळाशी घाला, विरजणासारखं काम करतात.