दगडीपाल्यावर प्रोजेक्ट करताय? डीपीपीएच आणि झोनचं काम असं करा

प्रोजेक्टला तुळस नाहीतर कडुलिंब घेणारे ढीगभर असतात, त्यापेक्षा दगडीपाला घ्या ना. बांधावर, रस्त्याकडेला कुठंही सापडतो, लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं आणि कडेला पांढऱ्या पाकळ्या. खरचटलं की पाला चुरगळून रस लावतात तोच हा. फुलासकट एक झाड दाबून हर्बेरियम करा आणि ओळख आधीच पक्की करून घ्या, पुण्यात बॉटनिकल सर्व्हेचं ऑफिस आहे किंवा कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडमना विचारा, कारण व्हायवात पहिला प्रश्न हाच येतो.

पाला धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नको. मुठीत कुरकुरीत चुरा व्हायला लागला की मिक्सरला लावा. १० ग्रॅम पावडर, १०० मिली मिथेनॉल, घट्ट झाकण, दोन-तीन दिवस अधूनमधून हलवत ठेवायचं, मग गाळून वॉटर बाथवर ४०-५० डिग्रीला आटवायचं, तेही फ्यूम हूडमध्ये आणि जवळपास बर्नर नको, मिथेनॉल पेट घेतं आणि विषारीपण आहे. रिकाम्या बीकरचं वजन आधीच लिहून ठेवा बरं का, शेवटी काळपट हिरवा चिकट थर उरतो, तो खरवडून नीट निघत नाही.

आता अँटिऑक्सिडंट. डीपीपीएच म्हणजे जांभळ्या रंगाचं रसायन, अँटिऑक्सिडंट भेटलं की त्याचा जांभळा रंग जातो. साधारण ४ मिग्रॅ डीपीपीएच १०० मिली मिथेनॉलमध्ये टाकलं की ०.१ मिलीमोलर होतं, बाटलीला फॉइल गुंडाळा. अर्क टाकला की जांभळ्याचं हळूहळू पिवळं होतं, अंधारात ३० मिनिटं ठेवून ५१७ नॅनोमीटरला रीडिंग, सोबत तुलनेला व्हिटॅमिन सी. खरी गोची इथंच होते. अर्काला स्वतःचाच हिरवा रंग असतो, म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला डीपीपीएच न घालता नुसता अर्क आणि मिथेनॉल असा वेगळा ब्लँक लावा आणि ते रीडिंग वजा करा. हे टाळलं की जास्त कॉन्सन्ट्रेशनला रंग किती गेला त्याचे टक्के वाढायच्या ऐवजी कमी येतात, आणि मग मुलं मशीनला शिव्या घालत बसतात.

अँटिबॅक्टेरियलसाठी म्युलर हिंटन अगार (बॅक्टेरिया वाढवायचं जेलीसारखं माध्यम), प्लेटमध्ये ४ मिमी जाड. कल्चरचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणा ताडून बघायचं ठरलेलं प्रमाण) जुळवून घ्या, स्वॅबने तीन दिशांनी पसरवा, ६ मिमीच्या विहिरी पाडा. एका विहिरीत डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला अर्क, एकीत नुसतं डीएमएसओ, बाजूला अँटिबायोटिकची डिस्क. डीएमएसओच्या विहिरीभोवतीच झोन, म्हणजे बॅक्टेरिया न वाढलेलं रिकामं वर्तुळ, दिसला तर अर्काच्या झोनला काय अर्थ उरला? ३७ डिग्रीला १८ ते २४ तास ठेवा. बऱ्याचदा स्टॅफिलोकोकसवर झोन येतो आणि ई. कोलायवर काहीच नाही, त्याला बाहेरून एक जादा पडदा असतो त्यामुळं, म्हणून लगेच प्रयोग फसला असं समजू नका.

आणि झोन मोठा म्हणजे अर्क भारी असं थेट लिहू नका, अगारमध्ये तो किती पसरतो त्यावरही झोन ठरतो. जखम बरी होते हे तर यातून अजिबात सिद्ध होत नाही. वेळ असेल तर एमआयसी (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी कॉन्सन्ट्रेशन) काढाच, रेझाझुरिन नावाचा निळा रंग टाकल्यावर जिथं बॅक्टेरिया जिवंत आहेत तिथं निळ्याचं गुलाबी होतं, निळं राहिलेलं सगळ्यात कमी कॉन्सन्ट्रेशन म्हणजे तुमचा आकडा. वापरलेल्या प्लेट १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.