मार्चमध्ये जॉर्डन: दापोलीहून निघण्याआधी

आधी तारीख ठरवा, सायकल नंतर. उत्तरेतल्या उम्म कैसपासून तांबड्या समुद्रावरच्या अकाबापर्यंतचा जॉर्डन बाइक ट्रेल हा सायकलमार्ग साधारण ७३० किलोमीटरचा आहे, बराचसा कच्च्या वाटेचा. मार्च-एप्रिल हा त्याचा चांगला काळ. पण रमजान पाहून घ्या. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होऊन ९ मार्चच्या सुमारास संपेल. रोजांच्या दिवसांत खाण्याची बहुतेक दुकानं दिवसा बंद असतात आणि आपली सगळी भिस्त गावातल्या दुकानांवर. म्हणून आम्ही १४ मार्च धरलाय. त्यात शिमगा हुकतो. पालखी दारात येईल तेव्हा मी घरी नसेन, हे आईला आत्ताच सांगून टाकलंय. अशा गोष्टी तिकीट काढण्याआधी बोलाव्यात.

तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या. उत्तरेकडचा टप्पा सीरियाच्या सीमेजवळून जातो, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आपण निघेपर्यंत पाहत राहायच्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. जॉर्डन पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा एकत्रित पास, आधी काढला आणि किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचं शुल्क माफ होतं, पेट्रा या प्राचीन शहराचं तिकीटही त्यातच येतं. विम्यात कच्च्या वाटेवरची सायकल धरली आहे का, ते कागदावर वाचून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता सायकल. किनाऱ्यावर राहणाऱ्याने इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा. मागे एकदा विमानासाठी सायकल खोक्यात भरायला घेतली, निघायच्या आदल्या रात्री, आणि डावं पेडल सुटेना. खाऱ्या वाऱ्याने आटे धरले होते. पान्ह्याला पाइप लावून जोर केला, तर पेडलबरोबर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचे, आटेच निघून आले, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ तारेसारखे. त्या रात्री दापोलीत दुसरा क्रँक कुठून मिळणार? तेव्हापासून महिन्यातून एकदा दोन्ही पेडलं काढतो, आटे पुसतो, ग्रीस लावून परत बसवतो. डाव्याचे आटे उलटे असतात, हे थकलेल्या हाताला आठवत नाही. सीटपोस्ट आणि रॅकचे बोल्टही तसेच उघडून पाहा. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, तुमच्याच फ्रेमचा एक जादा घ्या. तो वाकला की ट्रिप तिथेच थांबते आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असल्याने वाटेत मिळत नाही. टायर ट्यूबलेस, सव्वादोन इंची तरी. आतलं भोक बुजवणारं सीलंट नवं भरा, शिवाय एक ट्यूब ठेवा. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, म्हणून आम्ही शेगडीच नेत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात अजिबात नाही.

चढाची भीती बाळगू नका. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर, हेदवी करत तवसाळच्या जेटीपर्यंत जा. खाडीपासून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, सड्यावरून परत खाडीत, असं करता करता मांड्या तयार होतात. जांभ्याच्या सड्यावरची सुटी माती आणि काजूच्या बागांमधल्या जीपवाटा सुट्या खडीवर ब्रेक कसा धरायचा ते शिकवतात. इथे मिळत नाही ते दोनच: थंडी आणि कोरडेपणा.

शोबक आणि पेट्राकडचा डोंगराळ भाग हजार मीटरच्या वर आहे. मार्चमध्ये तिथे रात्री पारा पाच अंशांच्या खाली उतरू शकतो. आपल्याकडे पौषात शाल घेतली की भागतं, त्यामुळे अंदाज चुकतो. शून्य अंशाला निभावेल अशी स्लीपिंग बॅग, खाली जाड मॅट, लोकरी टोपी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. वजनाची काटकसर दुसरीकडे करा. कोरड्या हवेत घाम कपड्यावर दिसतच नाही, इथल्यासारखा निथळत नाही, म्हणून तहान लागायची वाट न पाहता प्या. वादी रम या वाळवंटाच्या टप्प्यासाठी माणशी सहा लिटर पाणी बांधता येईल अशी सोय मी करतोय. आमसुलं आणि मीठ सोबत असतंच.

वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, पात्रात तंबू टाकायचा नाही. वाळू कितीही सपाट आणि वारा कितीही अडवलेला असो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मृत समुद्राजवळ अशाच अचानक आलेल्या पुरात वीसहून अधिक माणसं गेली, त्यात सहलीला आलेली शाळेची मुलं होती. पाऊस वर डोंगरात पडतो, पाणी खाली येतं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूणला जे केलं ते पाहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. तिथे तर नदी नाही, कोरडं पात्र असतं, एवढाच फरक.

खाण्याला इथून आंबापोळी, फणसपोळी आणि भाजलेले काजू. आंबापोळी चौकोनी कापून बटर पेपरमध्ये गुंडाळली की हँडलच्या पिशवीतून एका हाताने काढता येते. बाकी तिथली रोटी, हम्मस, खजूर. रोख दिनार सुटे ठेवा, गावात कार्ड चालेल असं धरू नका.

फेब्रुवारीत एकदा सगळं सामान लादून दोन रात्री सड्यावर काढायच्या आहेत. परत आल्यावर जे पिशवीतून बाहेरच आलं नाही ते घरी ठेवायचं, औषधं आणि जादा हँगर सोडून. आईशी वेळही ठरलीय: जॉर्डनचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणून तिच्या रात्री साडेनऊला, माझ्या संध्याकाळी सातला, मेसेज. रेंज नसेल त्या दिवसांची नावं तिच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवायची आहेत.